फ्रेंच लीव्ह

यशोधरा रोकडेला फ्रेंच शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती, पण खराखुरा फ्रेंच माणूस तिने कधी समोरासमोर पाहिला नव्हता. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, एका साडीच्या दुकानावरच्या माळ्यावर ती दहावीच्या मुलांचे क्लास घ्यायची. हिंदीत सत्तरला अडकणारी पोरं फ्रेंचमध्ये पंच्याण्णव काढतात, एवढ्याच कारणासाठी आईबाप त्यांना तो विषय घ्यायला लावत. बोर्डाचा पेपर झाला की पोरं 'बाँजूर'सुद्धा विसरून जात. यशोधराचं तसं नव्हतं. बुवापाड्यातल्या घरी भांडी घासतानाही ती मनातल्या मनात क्रियापदं चालवायची.

एक दिवस तिचे वडील भीमराव कामावरून आले ते बूट काढता काढताच म्हणाले, "यशू, आमच्याकडे दोन दिवस पॅरिसचा पाहुणा येणारे. दुभाषी पाहिजे म्हणतात. कैलास सरांना तुझं नाव सांगून आलोय."

भीमराव आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. तिथे क्रीमच्या ट्यूबा आणि त्यांची टोपणं बनायची. तेहतीस वर्षं त्यांनी तिथे लोकांची हजेरी मांडली होती. आता कायम कामगार अंगठा लावून आत जात, पण कंत्राटी माणसांची हजेरी अजून भीमरावांच्या रजिस्टरातच असायची. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. रिटायर व्हायला चौदा महिने राहिले होते, आणि कारखान्याला एका परदेशी कंपनीची मोठी ऑर्डर मिळायची होती. ऑर्डर देण्याआधी कंपनीचे दोन तपासनीस कारखाना बघायला येणार होते. एक पॅरिसचा मोस्यू पेलेतिए, दुसरा त्याच कंपनीच्या लंडन ऑफिसातला मिस्टर हॉब्सन. पेलेतिएला इंग्रजी येत नाही, असं ईमेलमध्ये आधीच कळवलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायला बसले आणि यशोधराला पहिला धक्का बसला.

हॉब्सन उंच, लालबुंद गालांचा, सतत हसऱ्या चेहऱ्याचा. भाताचा घास घेत तो तिला इंग्रजीत म्हणाला, "आमच्या बेडकाला विचारा, डाळ झेपतेय का."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "सॉरी सर?"

"बेडूक, बेडूक." त्याने चमचा पेलेतिएकडे रोखला.

यशोधराने घास ताटात ठेवला. दुभाष्याने शब्द बदलायचा नसतो हे तिला माहीत होतं, पण पासष्टीच्या माणसाला तोंडावर बेडूक कसं म्हणायचं? तिने खालमानेने, शक्य तितक्या हळू आवाजात ते फ्रेंचमध्ये सांगितलं. पेलेतिए बुटका, टकला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. त्याने ताटातून मानही वर केली नाही. म्हणाला, "त्या रोस्बीफला सांगा, ज्यांच्या देशात भाजी उकडून उकडून ठार मारतात, त्यांनी दुसऱ्याच्या चवीची काळजी करू नये."

रोस्बीफ म्हणजे भाजलेलं बीफ. समोर कैलास सर बसले होते. कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर, गळ्यात माळ, सोमवारचा उपास. ते पुढे वाकून म्हणाले, "काय म्हणताहेत साहेब?"

"जेवण आवडलं म्हणताहेत," यशोधरा म्हणाली.

हॉब्सनने तिचा उडालेला चेहरा पाहिला आणि तो खो खो हसला. मग तिच्या कानाशी वाकून त्याने समजावून सांगितलं की हे फार जुनं आहे, त्याच्या आजोबांच्याही आधीचं. ते बेडकाच्या तंगड्या खातात म्हणून आम्ही त्यांना बेडूक म्हणतो, आम्ही बीफ खातो म्हणून ते आम्हाला रोस्बीफ. मनाला लावून घ्यायचं नसतं.

यशोधराने मान हलवली, पण तिला ते काही केल्या पचेना. खाण्यावरून नाव! तिचे वडील लहानपणी गावच्या शाळेत डबा उघडायचे तेव्हा पोरं नाक दाबून लांब जाऊन बसायची आणि खाण्यावरूनच एक नाव घेऊन हाका मारायची. ते नाव भीमरावांनी घरात कधी उच्चारलं नाही. फक्त एवढंच सांगितलं होतं की त्यानंतर चौथीपर्यंत ते डबाच घेऊन गेले नाहीत. आणि इथे ही दोन म्हातारी माणसं तसलीच नावं एकमेकांकडे लोणच्यासारखी सरकवत होती आणि वर ताकाचा दुसरा ग्लास मागत होती. हे दोघे बरोबरीचे आहेत म्हणून यांना हसता येतं, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग रूममध्ये कागदपत्रांची तपासणी सुरू झाली. पगाराची पत्रकं, फायर एक्झिटचे नकाशे, अपघातांची वही. अपघातांच्या वहीत वर्षभर एकही नोंद नव्हती. हॉब्सनने भुवया उंचावल्या, पण तो काही बोलला नाही. मग कंत्राटी हजेरीचं रजिस्टर आलं. सगळं इंग्रजीत. पेलेतिए नुसतीच पानं उलटत होता. अचानक त्याचा हात थांबला. शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, "मादमोआझेल, इथे माझ्या देशाचं नाव कशाला?"

यशोधरा वाकली. सुरेख, तिरप्या इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, 'फ्रेंच लीव्ह'.

अक्षर कुणाचं ते तिला सांगावं लागलं नाही. याच अक्षरात तिच्या पहिलीच्या वह्यांवर नाव घातलेलं होतं.

"न सांगता गैरहजर राहिलं की इंग्रजीत फ्रेंच लीव्ह म्हणतात," ती चाचरत म्हणाली. "आमच्याकडे सगळ्या ऑफिसांत हाच शब्द आहे. कुणाचा अपमान करायचा म्हणून नाही..."

पेलेतिएचं टक्कल कपाळापासून मागेपर्यंत लाल होत गेलं. त्याने रजिस्टर धाडकन मिटलं. "म्हणजे पळपुटा माणूस दिसला की त्याला फ्रेंच म्हणायचं? आणि तेही लेखी? कारखान्याच्या दप्तरात?"

इकडे हॉब्सन टेबलावर थापा मारून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पेलेतिए गरजला, "त्याला सांगा, आमच्याकडे न सांगता सटकण्याला इंग्रजी पद्धतीने पळणं म्हणतात! इंग्रजी!" यशोधराने सांगितलं. हॉब्सनने औषधाच्या दुकानात हळू आवाजात मागतात त्या वस्तूचं नाव घेतलं; इंग्रजीत तिला फ्रेंच पत्र म्हणतात. पेलेतिएने ताडकन उत्तर दिलं की त्याच वस्तूला त्याच्या देशात इंग्रजी डगला म्हणतात.

"आता काय चाललंय?" कैलास सरांनी विचारलं.

"कपड्यांबद्दल बोलताहेत," यशोधरा म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण पेलेतिए हट्टाला पेटला. हा शब्द किती वेळा लिहिलाय ते त्याला बघायचं होतं. त्याने रजिस्टर पुन्हा उघडलं आणि बोट फिरवत चालला. एक, दोन, पाच, नऊ, अकरा. अकराच्या अकरा नोंदी एकाच नावापुढे होत्या. सुदाम, मोल्डिंग विभाग.

"हा माणूस अकरा दिवस फ्रेंच झालाय," तो म्हणाला. "मला त्याला भेटायचंय."

यशोधराने ते इंग्रजीत सांगितलं आणि कैलास सरांचा चेहरा किंचित बदलला. "तो गावाला गेलाय, सर. ही कंत्राटी माणसं अशीच. न सांगता जातात."

"मग त्याचं नाव कमी का नाही केलं?" हे हॉब्सनने विचारलं. तो आता हसत नव्हता.

"करणारच होतो, सर. जेवून घेऊ या?"

सुदाम हे नाव यशोधराच्या ओळखीचं होतं. सुदाम मोल्डिंगचा. त्यांच्या मागच्या गल्लीतल्या इंदुमावशीचा मुलगा. तो गावाला गेलाय, असं इंदुमावशीनेही चार दिवसांपूर्वी नळावर सांगितलं होतं, न विचारता.

जेवणाच्या सुट्टीत ती थेट टाइम ऑफिसात गेली. भीमराव डबा उघडून बसले होते, पण जेवत नव्हते.

"पप्पा, सुदामदादा कुठाय?"

भीमरावांनी डब्याचं झाकण लावलं. "कोण विचारतंय? तू की ते?"

"मी विचारतेय."

"घरीच आहे," ते म्हणाले. त्यांनी डबा बाजूला सारला. "जाऊन ये. मग बोल माझ्याशी."

तिने गेटवरून रिक्षा केली. बुवापाड्यात पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. इंदुमावशीने दार अर्धंच उघडलं आणि तिला बघून पुन्हा लोटायला लागली, पण आतून सुदामचाच आवाज आला, "येऊ दे गं आई."

तो पलंगावर बसला होता. उजवा हात उशीवर. पट्टी कोपरापर्यंत होती, आणि पट्टीला जिथे पाच बोटांचा आकार यायला हवा तिथे तो येत नव्हता.  ज्या माणसाला दप्तरात पळपुटा लिहिलं होतं, तो तिच्या घरापासून चाळीस पावलांवर अकरा दिवस बसून होता आणि तिला पत्ता नव्हता.

"मशीनचं दार उघडलं की मशीन बंद पडायला पाहिजे," सुदाम सांगत होता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. "पण स्विचवर टेप मारलेली असते. दार उघडं ठेवून हात घालायचा, टोपण काढायचं. तासाला हजार पीस जास्त निघतात. सगळेच करतात. त्या दिवशी माझा हात आत असताना साचा मिटला."

कैलास सरांनी त्याला स्वतःच्या गाडीतून नेलं होतं. कामगार विम्याच्या दवाखान्यात नाही, एका खाजगी डॉक्टरकडे, घरच्या मशीनमध्ये हात गेला असं सांगून. टाके घातले. दोन बोटं गेली, तिसऱ्याचा भरवसा नव्हता. सरांनी सांगितलं होतं, ऑडिट होईपर्यंत घरात बस, कुणाला दिसू नकोस, ऑर्डर मिळाली की तुला परमनंट करतो.

"तू काय बोलू नको हां यशू," इंदुमावशी हात जोडून म्हणाली. "परमनंट करणारेत त्याला."

"लिहून दिलंय का?"

इंदुमावशीने जोडलेले हात खाली घेतले. मग सुदामच म्हणाला, "तुझे पप्पा येतात रोज संध्याकाळी. पट्टी बदलून जातात. आमच्या आईला रक्त बघवत नाही."

परतीच्या रिक्षात यशोधराला रडू येईना, काहीच येईना. तिचा बाप सकाळी त्या माणसाच्या नावापुढे 'फ्रेंच लीव्ह' लिहीत होता आणि संध्याकाळी जाऊन त्याच्या हाताची पट्टी बदलत होता. अकरा दिवस. घरी येऊन जेवत होता, तिला क्लासचं कसं काय चाललंय विचारत होता. तिने अख्ख्या आयुष्यात या माणसाला पावती नसलेली पेन्सिलसुद्धा घरी आणताना पाहिलं नव्हतं.

भीमराव टाइम ऑफिसच्या दारात उभेच होते.

"सरांनी सांगितलं, लिहिलं," ते म्हणाले. "चौदा महिने राहिलेत. आणि त्याचंही भलं होईल असं वाटलं मला. खरंच वाटलं, यशू."

"आता मला विचारलं तर मी काय सांगू?"

"तुझं काम काय आहे? ते जे बोलतील ते सांगायचं. तू कशाला मधे पडतेस?"

"बरं," ती म्हणाली. "पण अक्षर कुणाचं विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

दुपारी मीटिंग पुन्हा सुरू झाली. पेलेतिएने रजिस्टर समोर घेतलं आणि तोच पहिला प्रश्न विचारला. हे ज्याने लिहिलं त्याला बोलवा. कैलास सर यशोधराकडे वळून मराठीत, ओठ फारसे न हलवता म्हणाले, "सांग, तो क्लार्क रजेवर आहे. तुझ्या बापाचाच प्रश्न आहे, समजलं ना?"

यशोधराने पेलेतिएकडे तोंड वळवलं. तिला पहिल्यांदाच शब्द सापडत नव्हते, तीनपैकी एकाही भाषेत. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि कुणी न बोलावता भीमराव आत आले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हात पँटच्या शिवणीवर, झेंड्यापुढे उभं राहावं तसे.

"मी लिहिलंय," ते मराठीत म्हणाले. इंग्रजी त्यांना येत होतं, पण त्या दिवशी ते मराठीत बोलले. "यशू, नीट सांग. जसंच्या तसं."

दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. बोलणाऱ्याच्या तोंडचा 'मी' आपल्या तोंडात घ्यायचा असतो. यशोधराने तो घेतला. आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत.

"मी भीमराव रोकडे. हे अक्षर माझं आहे. मी खोटं लिहिलं. हा माणूस पळाला नाही. त्याचा हात तुमच्या टोपणांच्या मशीनमध्ये गेला. तो इथून दहा मिनिटांवर घरी बसलाय. मला माहीत होतं. रोज सकाळी माहीत असून मी लिहिलं."

'मी खोटं लिहिलं' हे वाक्य तिने दोन भाषांत दोनदा उच्चारलं, आणि दोन्ही वेळा तिला वाटलं की आपला आवाज आपला नाही.  हॉब्सनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या गालांचा लाल रंग पार उतरला होता.

कैलास सरांनी खुर्ची हॉब्सनजवळ ओढली आणि भराभर इंग्रजीत बोलायला लागले. "सर, हा म्हातारा गोंधळलाय. ही मुलगी त्याची पोरगी आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. फ्रेंच साहेबांना काही कळत नाही, ही त्यांना वाटेल ते सांगते. आपण दोघं मिटवून टाकू. तुम्ही आणि आम्ही एका भाषेतली माणसं आहोत."

"मला काय कळत नाही?"

प्रश्न स्वच्छ, सुरेख इंग्रजीत आला होता, आणि तो पेलेतिएने विचारला होता.

यशोधराने मान वळवून बघितलं. दोन दिवस ज्याला इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता, तो माणूस हाताची घडी घालून, एकदाही न अडखळता बोलत होता. "ही मुलगी तुमचं प्रत्येक इंग्रजी वाक्य मला जसंच्या तसं सांगत होती, मिस्टर कैलास. फक्त तुम्हाला मराठीत काय सांगत होती ते मला माहीत नाही, पण तुम्ही हसला नाहीत यावरून तिने सभ्यपणा केला असावा. आता आपण त्या माणसाच्या घरी जाऊ. आत्ता."

कैलास सरांच्या तोंडचं पाणी पळालं. हॉब्सनला मात्र काहीच नवल वाटलेलं दिसत नव्हतं. तो उठून कोट चढवत होता.

"तुम्हाला इंग्रजी येतं?" जिन्यात यशोधराने न राहवून विचारलं.

"एकोणीस वर्षं मी या माणसाबरोबर फिरतोय. न येऊन कसं चालेल?" पेलेतिए म्हणाला. "पण येत नाही म्हटलं की लोक माझ्यासमोर मोकळं बोलतात. माफ करा. तुम्हाला सांगता येत नव्हतं."

म्हणजे तिला दोन दिवस पडदा म्हणून उभं केलं होतं. याचाही तिला राग यायला हवा होता, पण त्या दिवशी रागाची पाळीच आली नाही.

दोघे परदेशी पाहुणे इंदुमावशीच्या घरात वाकून शिरले. एकही थट्टा झाली नाही. हॉब्सन सुदामच्या समोर जमिनीवरच बसला आणि स्विचवरच्या टेपबद्दल बारीक बारीक विचारत राहिला. पेलेतिए लिहून घेत होता. दारात गल्ली जमली होती.

पुढे जे झालं ते सगळंच चांगलं झालं असं नाही. ऑर्डर सहा महिने लांबली. सगळ्या मशीनच्या स्विचवरच्या टेपा निघाल्या आणि ओव्हरटाइम बंद झाला. कैलास सरांची बदली झाली, नोकरी राहिली. भीमरावांना खोट्या नोंदीबद्दल मेमो मिळाला आणि महिनाभर घरी बसवलं. बुवापाड्यातल्या चारपाच घरांनी, ज्यांची माणसं त्या कारखान्यात होती, रोकड्यांकडे येणंजाणं सोडलं. "बापलेकीने मिळून आमच्या पोटावर पाय दिला," असं नळावर बोललं गेलं, ऐकू येईल असं.

तीन आठवड्यांनी तपासणीचा अहवाल आला. तो कामगारांना मराठीत वाचून दाखवायचा होता, म्हणून अनुवादासाठी यशोधराकडे पाठवला. तिने पहिलं पान उघडलं आणि तशीच बघत राहिली. मुद्दा पहिला: दप्तरात एका राष्ट्राच्या नावाचा आक्षेपार्ह वापर, तो तत्काळ थांबवावा. मुद्दा दुसरा: एका कामगाराची हाताची बोटं निकामी होण्याचा न नोंदवलेला अपघात. खाली दोघांच्या सह्या होत्या. ती माणसं वाईट नव्हती, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिला जास्त धक्का बसला. तिने पान दोनतीनदा वाचलं. मग मराठी प्रत लिहिताना तिने सुदामचा हात पहिला घेतला आणि राष्ट्राच्या नावाचा मुद्दा दुसऱ्या जागी टाकला. दुभाष्याने असं करायचं नसतं.

सोमवारी सकाळी इंदुमावशी दारात आली. ऑडिटच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच येत होती. आत न येता, पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "विम्याच्या दवाखान्यात बोलावलंय त्याला. तिसऱ्या बोटाचं ऑपरेशन करतात म्हणे. फॉर्म भरायचेत, आम्हाला काही सुधरत नाही."

यशोधराचा अकराचा क्लास होता. ती काही म्हणणार तेवढ्यात भीमरावांनी खुंटीवरचा शर्ट काढला.

"भावजी, तुम्ही?" इंदुमावशी म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता. "तुम्हीच ना लिहिलंत ते?"

"हो," भीमराव म्हणाले. "मीच लिहिलं."

इंदुमावशीने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "चला. रिक्षा थांबलीय."